आज्ञा कोणाची? : अमेरिकन सिनेटच्या एका अहवालाचें परीक्षण

पुस्तकपरीक्षणाच्या सदरांत सरकारी अहवाल घेण्याची या मासिकाची रीत नाहीं. अहवाल कपाटांत ठेवण्यासाठीं असतात अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि बहुतेक अहवाल ती समजूत खरी ठरवितात. तथापि आज ज्या ग्रंथाचा आम्ही परामर्श घेणार आहों, त्याकडे आम्हांस एका विद्यार्थ्याच्या प्रश्नानें वळविलें. यास्तव तो प्रश्न प्रथम सांगितला पाहिजे.

बी. ए. च्या वर्गांत बर्कचीं वॉरन हेस्टिंग्जविरुद्धचीं भाषणें चाललीं होतीं. नाना फडणिसांचा समकालीन असा हा गव्हर्नर जनरल आमच्या वाचकांस सालबाईच्या तहामुळें परिचित आहेच. तो विलायतेस परतल्यावर त्याच्यावर पार्लमेंटांत महाभियोग आणण्यांत आला. १७८८ च्या फेब्रुवारींत वेस्टमिन्स्टर हॉलांत त्याची सुनावणी सुरू झाली, ती सात वर्षें चालली. रंगपूर प्रांतीं देवीसिंग नांवाच्या इजारदाराच्या माणसांनीं वसुलीसाठीं रयतेचे जे हाल केले, त्यांचें बर्कनें असें वर्णन केलें कीं, सभागृहांतील कांहीं स्त्रियांस मूर्च्छा आली. देवीसिंगाची माणसें रंगपुरास, हेस्टिंग्ज कलकत्त्यास; पण ज्यानें असा माणूस नेमिला त्यानेंच त्याच्या कृत्यांचा जाब दिला पाहिजे, असा बर्कचा आग्रह होता. हें सर्व आम्हीं तल्लीन होऊन सांगितलें, आणि १७९५ च्या एप्रिलांत हेस्टिंग्ज सर्व आरोपांतून सुटला हेंहि सांगितलें. त्यावर मागच्या बांकावरील एका मुलानें शांतपणें विचारलें, “मग सर, सात वर्षांत मिळालें काय?” आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें, पण तें आमचें आम्हांसच पटलें नाहीं. घरीं येऊन प्रस्तुत अहवाल पुन्हां उघडला तों त्या मुलाचा प्रश्न पानोपानीं समोर उभा राहूं लागला.

हा अहवाल अमेरिकेच्या सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचा आहे. सी. आय. ए. या हेरखात्यानें ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर संशयितांस गुप्त ठिकाणीं कोंडून त्यांची जी चौकशी चालविली, तिचा हा वृत्तान्त. समितीच्या अध्यक्षा डायान फाइनस्टाइन यांनीं तो ९ डिसेंबर २०१४ रोजीं प्रसिद्ध केला. मूळ ग्रंथ ६,७०० हून अधिक पृष्ठांचा असून तो जनतेपुढें आलेला नाहीं. आपल्या हातीं आहे तो पांचशेंहून अधिक पृष्ठांचा सारांश, आणि त्यांतहि जागोजागीं शब्दांवर काळ्या पट्ट्या फिरविलेल्या आहेत. साठ लाखांहून अधिक पृष्ठांचीं कागदपत्रें चाळून तो सिद्ध झाला आहे, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्यामागील परिश्रमांची कल्पना येईल.

आंतील मजकूर थोडक्यांत असा. एकंदर ११९ माणसें या कार्यक्रमांत बंदींत पडलीं. त्यांपैकीं निदान २६ जण, खात्याच्याच कसोटीस लावून पाहिलें तरी, धरण्यास पात्र नव्हते. ३९ जणांवर विशेष उपाय योजण्यांत आले. ते उपाय कोणते? कोणास १८० तासांपर्यंत, बहुधा उभें ठेवून, जागवावयाचें. कोणास शवपेटीएवढ्या खोक्यांत कोंडावयाचें. कोणास फळीवर आडवें बांधून तोंडावर फडकें टाकावयाचें व त्यावर पाणी ओतावयाचें, म्हणजे आपण बुडून मरत आहों अशी त्याची खात्री होते. अबू झुबैदा यास २००२ च्या ऑगस्टांत हा जलप्रयोग निदान ८३ वेळां झाला, आणि खोक्यांतील त्याचे तास मोजले तर ते २६६ भरतात. खालिद शेख महंमद यास २००३ च्या मार्चांत तोच प्रयोग १८३ वेळां झाला. गुल रहमान नांवाचा एक कैदी २००२ च्या नोव्हेंबरांत अफगाणिस्तानांतील कोठडींत, कमरेखालीं वस्त्र नाहीं अशा स्थितींत, उघड्या फरशीवर सांखळ्यांनीं जखडलेला असतां थंडीनें गारठून मेला. त्या कोठड्यांवरील अधिकाऱ्यास चारच महिन्यांनीं उत्तम कामगिरीबद्दल २,५०० डॉलर्सचें पारितोषिक द्यावें अशी शिफारस झाली.

हें शेवटचें वाक्य अहवालकारांनीं कसलीहि टीकाटिप्पणी न करतां लिहिलें आहे, आणि ग्रंथाचा मोठा गुण आम्हांस येथेंच दिसतो. बर्क असता तर त्यानें येथें आकाशपाताळ एक केलें असतें. रंगपूरच्या प्रकरणीं त्यानें तसें केलें, आणि त्याचें फळहि त्यास मिळालें: तो आरोप रीतसर कलमांत नव्हताच, हें प्रतिपक्षानें दाखवून दिलें आणि वक्तृत्वाचा पूर ओसरल्यावर पुराव्याची जागा कोरडी राहिली. प्रस्तुत ग्रंथकारांनीं ती चूक केलेली नाहीं. तारीख, तार, तारेचें उत्तर, पुन्हां तारीख, अशा क्रमानें ते चालतात. गुप्त तुरुंगांस त्यांनीं रंगांचीं नांवें दिलीं आहेत, हिरवा, निळा, जांभळा. एखाद्या मुलांच्या रंगपेटींतून काढल्यासारखीं तीं वाटतात. चौकशी पाहणाऱ्या खात्याच्याच कांहीं माणसांच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें, हेंहि तशाच कोरड्या वाक्यांत नोंदिलेलें आहे. वाचकानें रागवावें असें ग्रंथकार कोठेंहि सुचवीत नाहींत; राग आपोआप येतो.

शब्दांच्या इतिहासाची ज्यास आवड आहे त्यास या ग्रंथांत आणखी एक विषय सांपडेल. या सर्व प्रकारांस सरकारी भाषेंत ‘वाढीव चौकशीचे उपाय’ असें नांव होतें. नारायणराव पेशव्यांच्या वधाविषयींची ‘ध’ चा ‘मा’ ही आख्यायिका आपल्याकडे पोरासोरांस ठाऊक आहे: ‘धरावें’ या आज्ञेंतील एक अक्षर बदललें आणि ‘मारावें’ झालें. वॉशिंग्टनमधील कायदेपंडितांस एवढीहि खाडाखोड करावी लागली नाहीं. १ ऑगस्ट २००२ रोजीं न्यायखात्यांतील जे बायबी यांच्या सहीनें एक मत देण्यांत आलें. त्याचा मसुदा मुख्यतः जॉन यू यांचा. शारीरिक वेदना एखादें इंद्रिय निकामी होतांना किंवा मृत्युसमयीं व्हाव्या इतक्या तीव्र नसतील तर त्यांस कायद्याच्या दृष्टीनें यातना म्हणतां येणार नाहीं, असा त्या मताचा इत्यर्थ. शब्द जागच्या जागीं राहिला. त्याच्या आंतील अर्थ तेवढा काढून घेतला गेला. आणि ज्या जलप्रयोगास हे पंडित यातना म्हणेनात, तोच प्रयोग दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोच्या न्यायासनापुढें जपान्यांच्या अत्याचारांत गणला गेला होता. त्या न्यायासनावर अमेरिकेचाहि न्यायाधीश होता.

गुण सांगितले; आतां दोष. पहिला दोष असा कीं, ग्रंथाचा सर्व रोख या उपायांपासून उपयोग झाला कीं नाहीं या वादावर आहे. वीस निष्कर्षांपैकीं पहिलाच असा कीं, त्यांपासून उपयुक्त माहिती मिळाली नाहीं. खात्यानें अभिमानानें पुढें केलेलीं वीस उदाहरणें घेऊन तीं कशीं खोटीं ठरतात हें ग्रंथकार दाखवितात. विवेचन सप्रमाण आहे. परंतु त्याचा परिणाम काय होतो? उद्यां कोणी एकविसावें उदाहरण आणून तें खरें करून दाखविलें तर सारी इमारत डळमळणार काय? चोरीपासून घर चालत नाहीं म्हणून चोरी वाईट, असें म्हणणाऱ्यानें चांगली कमाई करून देणाऱ्या चोरीस काय उत्तर द्यावें? समितींतील अल्पसंख्य पक्षानें व स्वतः खात्यानें आपलें विरुद्ध मत याच मुद्द्यावर मांडलें, आणि नैतिक प्रश्न हिशेबाच्या वहींत जमा झाला. खात्याच्या अधिकाऱ्यांच्या समक्ष साक्षी समितीनें घेतल्या नाहींत, हा आक्षेपहि अगदींच टाकाऊ नाहीं.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. ग्रंथ मिटल्यावर वाचकाच्या मनांत हेरखात्याचें चित्र स्पष्ट उमटतें: तें खोटें बोललें, लपवाछपवी केली, वरिष्ठांस अंधारांत ठेविलें. पण वरिष्ठांचें चित्र कोठें आहे? खात्याच्या कागदपत्रांवरून पाहतां राष्ट्राध्यक्ष बुश यांस या उपायांची तपशीलवार माहिती २००६ च्या एप्रिलपर्यंत कोणीं दिलीच नाहीं, असें अहवाल म्हणतो. आणि तोंवर ३९ पैकीं ३८ जणांवर प्रयोग होऊन गेले होते. उलट बुश यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत खालिद शेख महंमद यावर जलप्रयोग करण्याची परवानगी आपणच दिली असें स्वच्छ लिहिलें आहे. आतां वाचकानें खरें कोणतें मानावें? हाताखालचा नोकर म्हणतो, धन्यास सांगितलें नव्हतें. धनी म्हणतो, मीच सांगितलें. आरोपी स्वतः पुढें येऊन कबुली देत आहे आणि तपासणारा ती लिहून घेण्यास तयार नाहीं, असा हा प्रसंग आहे. या दोन विधानांचा मेळ घालण्यासाठीं त्या गृहस्थांस शपथेवर चार प्रश्न विचारणें एवढेंच पुरेसें होतें. ते विचारण्याचें काम समितीनें आपलें मानलें नाहीं, आणि तिच्यानंतर दुसऱ्या कोणींहि मानलें नाहीं.

सैन्याकडील कथा हीच आहे. ग्वांटानामोच्या कैद्यांसाठीं योजावयाच्या उपायांच्या यादीस युद्धमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनीं २००२ च्या डिसेंबरांत मंजुरी दिली आणि खालीं स्वहस्तें शेरा मारला कीं, आपण स्वतः रोज आठदहा तास उभे असतों, मग कैद्यांस चारच तासांची मर्यादा कां? पुढें २००४ सालीं अबू घ्राइब तुरुंगाचीं छायाचित्रें बाहेर पडलीं, तेव्हां शिक्षा झाल्या त्या सामान्य शिपायांस. त्यांतील एकास दहा वर्षांची. दोष चार नासक्या आंब्यांचा नसून वरून आलेल्या धोरणाचा आहे, असें सिनेटच्याच सैन्यविषयक समितीनें २००८ सालीं सांगितलें, तरी आढी कोणीं घातली हें कोणीं तपासलें नाहीं.

याचा अर्थ मुळींच तपास झाला नाहीं असा नव्हे. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं २००९ च्या जानेवारींत अधिकारावर येतांच हे उपाय बंद केले. त्याबरोबरच, मागें पाहण्यापेक्षां पुढें पाहणें बरें, असेंहि सांगितलें. त्यांचे न्यायमंत्री होल्डर यांनीं जॉन ड्युरॅम या सरकारी वकिलाकडे चौकशी सोंपविली. पण कायदेपंडितांच्या मतावर विसंबून जे वागले त्यांस हात लावावयाचा नाहीं, ही अट आधींच ठरली होती. १०१ कैद्यांचीं प्रकरणें पाहून शेवटीं दोन मृत्यु तेवढे तपासासाठीं उरले, आणि २०१२ च्या ऑगस्टांत तींहि दोन्हीं खटल्यावांचून मिटविण्यांत आलीं. ज्यांनीं मत दिलें त्यांच्याविषयीं न्यायखात्यानें २०१० सालीं एवढेंच ठरविलें कीं, त्यांचा विवेक उणा पडला. बायबी तोंवर वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश होऊन बसले होते. म्हणजे शिपायानें म्हणावें, वकिलानें सांगितलें. वकिलानें म्हणावें, मीं केवळ मत दिलें. राज्यकर्त्यानें म्हणावें, मीं मत घेऊनच केलें. तिघांचेहि हात स्वच्छ आणि गुल रहमान तेवढा मेलेला.

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. सुमारें तीन हजार माणसें एका सकाळीं मेलीं; दुसरा घाव केव्हां पडेल हें राज्यकर्त्यांस ठाऊक नव्हतें. अशा भयांत केलेल्या कृत्याकडे पाहतांना न्यायाधीशानें दया दाखवावी, हें आम्हांस मान्य आहे. पण दया निकालाच्या वेळीं दाखवावयाची असते. चौकशीच टाळणें ही दया नव्हे. शिवाय यातनांविरुद्धच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारास अमेरिकेनें १९९४ सालीं स्वतः मान्यता दिली, त्यांतच युद्ध, आणीबाणी किंवा वरिष्ठांची आज्ञा यांपैकीं कोणतीहि सबब चालणार नाहीं असें आहे. आणि संशयास जागा असेल तेथें निःपक्षपाती तपास करण्याचें बंधनहि आहे.

दुसरा आक्षेप सूडाचा, आणि तो आम्हां भारतीयांस घरचा आहे. आणीबाणीनंतर १९७७ सालीं शहा आयोग नेमला गेला. माजी पंतप्रधानांनीं त्यापुढें शपथेवर साक्ष देण्याचें नाकारलें; चौकशीचा रंग पुष्कळांस पक्षीय सूडाचा वाटला; १९८० सालीं मतदारांनीं त्यांसच पुन्हां निवडून दिलें. प्रत्येक नवें सरकार जर जुन्यास पिंजऱ्यांत उभें करूं लागलें तर सत्ता सोडण्यास कोण तयार होईल, ही शंका म्हणूनच पोकळ नाहीं. पण तिचें उत्तर तपास सोडून देणें हें नसून तो पक्षाच्या हातून काढून न्यायालयाच्या हातीं देणें हें आहे. अर्जेंटिनांत १९८५ सालीं नऊ लष्करी सत्ताधीशांवर खटला झाला. पांच दोषी ठरले, चार सुटले. जे चार सुटले तेच त्या न्यायासनाच्या सचोटीचे साक्षीदार होत. चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे यास २०१६ सालीं डाकारच्या न्यायालयानें यातना व इतर अत्याचारांबद्दल जन्मठेप दिली. हीं राज्यें कोसळलेलीं होतीं, अमेरिकेचें राज्य अखंड होतें, हा भेद आम्ही कबूल करतों. परंतु जें काम कोसळलेल्या राज्यांस झेपलें तें सुस्थिर राज्यास झेपूं नये, हें त्या सुस्थिरतेस भूषणावह नाहीं.

तपास न केल्याचें फळ लवकरच दिसलें. २०१६ च्या निवडणुकींत, पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या उमेदवारानें, जलप्रयोग पुन्हां सुरू करूं व त्याहून भयंकर उपायहि योजूं असें उघडपणें सांगितलें, आणि श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. त्या श्रोत्यांस आम्ही दोष कोणत्या तोंडानें द्यावा? जें कृत्य माजी राज्यकर्ते आपल्या आठवणींत मोकळेपणानें लिहितात आणि ज्याबद्दल त्यांस कोणी जाब विचारीत नाहीं, तें गुन्ह्यांत मोडत नसलें पाहिजे, असाच सरळ माणसाचा तर्क होणार.

आणि हा तर्क केवळ अमेरिकेंतच चालतो असेंहि नाहीं. सकाळीं चहाबरोबर आपण वर्तमानपत्र उघडतों आणि वाचतों कीं, पोलिसी खाक्या दाखवितांच आरोपी पोपटासारखा बोलूं लागला. तें वाचून आपल्या सुशिक्षित घरांत कोणाच्या हातांतला पेला थांबतो काय? उलट बरें झालें असें म्हणून आपण पान उलटतों. ‘वाढीव उपाय’ या शब्दांस हंसणाऱ्या आम्हीं ‘खाक्या’ हा शब्द कधीं उकलून पाहिला नाहीं. यातनांविरुद्धच्या त्याच करारावर भारतानें १९९७ सालीं सही केली. मान्यता मात्र अद्याप दिलेली नाहीं. यासंबंधींचें विधेयक २०१० सालीं लोकसभेंत संमत झालें, राज्यसभेंत अडकलें आणि बारगळलें. आम्हांस सुरक्षितपणें झोंप लागावी म्हणून कोठें काय चालतें, हें विचारावयाचें नाहीं, असा आमच्यासारख्या घरांचा अलिखित करार मात्र पूर्णपणें पाळला जातो. आज्ञा कोणाची, या प्रश्नाचें उत्तर शोधीत वर वर गेलें तर शेवटची पायरी कदाचित् मत देणाऱ्या व न विचारणाऱ्या नागरिकाचीच निघेल. म्हणूनच कीं काय, त्या जिन्यावर चढण्यास कोणी उत्सुक नसतो.

रम्सफेल्ड २०२१ सालीं वारले, उपराष्ट्राध्यक्ष चेनी २०२५ सालीं. त्यांचा जाब आतां इतिहासाकडे गेला. आणि इतिहासाच्या न्यायासनापुढें आरोपीस उलट बोलतां येत नाहीं, हा त्यांच्यावरहि एक प्रकारें अन्यायच झाला. चौकशी झाली असती तर आपली बाजू त्यांस शपथेवर मांडतां आली असती. कदाचित् ते सुटलेहि असते.

सुटले असते, तर सात वर्षांत मिळालें काय? आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न असा पुन्हां दारीं येतो. रामशास्त्री प्रभुण्यांनीं नारायणरावाच्या वधाचा तपास करून राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, असें आपण लहानपणापासून ऐकतों. तें प्रायश्चित्त राघोबांनीं घेतलें नाहीं. घ्यावयास लावण्याचें सामर्थ्य शास्त्रीबोवांच्या अंगीं नव्हतें. ते उठून गेले. निकालाची बजावणी झाली नाहीं म्हणून तो निकाल व्यर्थ गेला, असें महाराष्ट्रांत आजवर कोणी म्हटलेलें नाहीं. आज्ञा कोणाची होती हें भर दरबारांत, त्या माणसाच्या तोंडावर, पुराव्यानिशीं सांगितलें गेलें, आणि तेव्हांपासून त्या कृत्यास राजकारण म्हणण्याची सोय उरली नाहीं. हेस्टिंग्जच्या सात वर्षांतहि मिळालें तें हेंच: तो सुटला, पण कलकत्त्यास दिलेल्या आज्ञेचा जाब वेस्टमिन्स्टरास विचारतां येतो हें सिद्ध करून सुटला.

सिनेटच्या अहवालानें हें काम अर्धें केलें आहे. काय झालें तें त्यानें सांगितलें. कोणाच्या आज्ञेनें झालें तेथें येऊन तो थांबला. जेवढें केलें तेवढ्याबद्दल त्याच्या कर्त्यांचे आभार मानून, त्याचीं उपलब्ध पानें आमच्या वाचकांनीं अवश्य वाचावीं अशी आम्ही शिफारस करतों. तो मुलगा परीक्षा देऊन कॉलेज सोडून गेला. हा अंक त्याच्या हातीं पडला, तर त्या दिवशीं वर्गांत आमच्याकडून राहिलेलें उत्तर त्यास पोंचलें असें आम्ही समजूं.